रोमन सम्राटांचे दैवतीकरण

रोमन सम्राटांचे दैवतीकरण : मृत सम्राटाची, तसेच कित्येकदा त्याच्या कुटुंबातील व्यक्तींची, राज्याच्या अधिकृत देवतांत गणना करण्याचा प्राचीन रोममधील धार्मिक व वैधानिक विधी. लॅटिन भाषेत ह्या विधीस ‘कॉन्सेक्रातिओ’ आणि ग्रीक भाषेत ‘अपोथेओसिस’ अशी संज्ञा होती. इ. स. पू. ४२ मध्ये ज्यूलियस सीझरला हा मान देण्यात आला, तेव्हापासून इ. स. चौथ्या शतकापर्यंत ही प्रथा चालू होती. दैवतीकरण आणि सम्राटपूजा ह्या दोन गोष्टी परस्परसंबद्ध असल्या, तरी एक नव्हेत. प्रांतांतून जिवंत सम्राटाची मंदिरे उभारली जात. खुद्द रोममध्ये मात्र सम्राटाला अधिकृत देवपद मृत्यूनंतरच आणि सीनेटच्या ठरावानेच मिळू शके. त्यामुळे हे देवपद म्हणजे मृत सम्राटाच्या कारकीर्दीवरील एक प्रकारचा निवाडा ठरे. हा निवाडा देण्याचा अधिकार वस्तुतः कोणाचा, ह्या प्रश्नाभोवतीच ह्या प्रथेचा इतिहास फिरत राहिला.

पूर्वपीठिका : मनुष्य देव होऊ शकतो, ही कल्पना रोमन लोकांना अगदीच अपरिचित नव्हती. रोमचा संस्थापक रॉम्युलस हा वादळात अदृश्य झाला आणि पुढे क्विराइनस ह्या देवाच्या रूपाने पूजिला जाऊ लागला, अशी आख्यायिका होती. प्रॉक्युलस ज्यूलियस नावाच्या नागरिकाने आपल्याला रॉम्युलसचे दर्शन घडल्याचे लोकांना शपथपूर्वक सांगितले, अशीही कथा आहे. घरोघरी पितरांची पूजा होत असे. प्रत्येक पुरुषाच्या ठायी ‘जीनियस’ नामक एक रक्षक दैवी शक्ती असते, अशी समजूत होती व कुटुंबप्रमुखाच्या जीनियसला त्याच्या जन्मदिनी नैवेद्य अर्पण करीत. तथापि प्रजासत्ताकाच्या काळात कोणाही जिवंत व्यक्तीला राज्याकडून देवपद मिळाले नाही. परंपरेनुसार इ. स. पू. ५०९ मध्ये राजेशाही नष्ट करणाऱ्या सरदारवर्गाला आपल्यापैकी एखाद्याने इतरांहून फार वर चढावे, हे सहन होणारे नव्हते.

पूर्वेकडील ग्रीक जगात परिस्थिती वेगळी होती. पेलोपनीशियन युद्धाच्या अखेरीस सेमॉस बेटावरील लोकांनी स्पार्टाचा सेनापती लायसँडर ह्याला देवोचित सन्मान दिले. अलेक्झांडरनंतरच्या राजांची, विशेषतः ईजिप्तच्या टॉलेमी राजांची, पूजा ही तेथे राज्यव्यवस्थेचे अंगच बनली. ज्या सत्तेपुढे नगरराज्याचे काही चालत नाही, परंतु जिच्याकडून संरक्षण व कृपा लाभते, तिला यथोचित मान देण्याची ती एक पद्धत होती. रोमची सत्ता पूर्वेकडे पोहोचताच हीच पद्धत रोमलाही लागू झाली. इ. स. पू. १९५ मध्ये स्मर्ना नगराने रोमा ह्या देवतेचे, म्हणजे मूर्तिमंत रोमचे, मंदिर उभारले. ग्रीसमधील कॅल्सिस नगराने फ्लॅमिनायनस ह्या रोमन सेनापतीची पूजा सुरू केली. सिसेरोने सिलिशियाचा प्रांताधिपती असताना आपल्यासाठी मंदिर उभारण्यास नकार दिला होता; ह्यावरून असे प्रस्ताव पूर्वेकडे किती सहज पुढे येत, हे लक्षात येते.

ज्यूलियस सीझर : यादवी युद्धात विजयी झालेल्या सीझरवर सीनेटने सन्मानांचा वर्षाव केला. त्याचा पुतळा क्विराइनसच्या मंदिरात बसविण्यात आला, त्याच्या निवासस्थानाला देवळासारखी त्रिकोणी दर्शनी कमान लाभली व त्याचा पुरोहित म्हणून मार्क अँटोनीची नेमणूक ठरली. ह्या उधळणीत त्याच्या शत्रूंना राजेपदाची चाहूल लागली. इ. स. पू. ४४ च्या १५ मार्च रोजी त्याचा वध झाला. फोरममध्ये जेथे त्याचे दहन झाले, तेथे लोकांनी वेदी उभारून पूजा आरंभली. ती कॉन्सल डॉलबेला ह्याने मोडून काढली. त्याच वर्षी जुलै महिन्यात दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन ह्याने सीझरच्या सन्मानार्थ खेळ भरविले असता आकाशात सात दिवस धूमकेतू दिसला. तो सीझरचा स्वर्गस्थ आत्मा होय, असे लोक मानू लागले. इ. स. पू. ४२ च्या आरंभी सीनेटने सीझरला विधिवत् देव म्हणून मान्यता दिली आणि इ. स. पू. २९ च्या १८ ऑगस्ट रोजी फोरममधील त्याच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. ऑक्टेव्हियन आता स्वतःला ‘दिवी फिलिउस’ म्हणजे ‘देवाचा पुत्र’ म्हणवू लागला. प्रतिस्पर्धी अँटोनीशी चाललेल्या झगड्यात ह्या उपाधीचे मोल एखाद्या सैन्यदलाहून कमी नव्हते.

सीझरसाठी वापरलेला ‘दिवुस’ हा शब्द आणि देवाकरिता रूढ असलेला ‘देउस’ हा शब्द मुळात एकच असून दोन्ही संस्कृतमधील ‘देव’ ह्या शब्दाचे सजातीय होत. सीझरनंतर मात्र त्यांच्या वापरात भेद झाला. मुळातले देव ते ‘देउस’ आणि मनुष्यत्वातून देवपदाला चढलेला तो ‘दिवुस’, असा संकेत रूढ झाला. बळींच्या बाबतीतही काटेकोर नियम होते. ‘आर्व्हल बंधू’ ह्या पुरोहितमंडळाच्या शिलालेखांतील नोंदींनुसार दिवुसाला बैल, देवपद मिळालेल्या राजस्त्रीला गाय आणि जिवंत सम्राटाच्या जीनियसला अखच्ची वळू बळी देत. जिवंत सम्राटाला बळी न देता त्याच्या जीनियसला तो देणे, हा केवळ शब्दच्छल नव्हता. रोममध्ये सम्राट हा नागरिकांपैकी पहिला नागरिक आहे, ही भूमिका त्यामुळे टिकून राही.

ऑगस्टसचे धोरण : ही भूमिका ऑगस्टसने (कार. इ. स. पू. २७–इ. स. १४) विचारपूर्वक घडविली. आशिया व बिथिनिया ह्या प्रांतांनी इ. स. पू. २९ मध्ये त्याच्या पूजेची अनुज्ञा मागितली, तेव्हा त्याने पर्गमम व निकोमीडिया येथे स्थानिक लोकांना तशी परवानगी दिली. तेथील रोमन नागरिकांनी मात्र एफेसस व नायसीया येथे रोमा आणि दिवंगत सीझर ह्यांचीच पूजा करावी, असे ठरविले. अग्रिपाने बांधलेल्या पँथीऑनमध्ये देवांच्या मूर्तींबरोबर आपला पुतळा ठेवण्यास त्याने नकार दिला. इ. स. पू. १२ मध्ये गॉलमधील लुग्डूनम (सध्याचे लीआँ) येथे रोमा व ऑगस्टस ह्यांची वेदी स्थापन झाली आणि गॉलमधील जमातींचे प्रतिनिधी तेथे दरवर्षी जमू लागले. आशिया प्रांताने इ. स. पू. ९ च्या सुमारास ऑगस्टसचा जन्मदिवस, २३ सप्टेंबर, हा वर्षारंभ ठरविला. खुद्द रोम शहरात इ. स. पू. ७ मध्ये वस्त्यांची पुनर्रचना झाली व चौकाचौकांतील लारेस ह्या रक्षकदेवतांच्या जोडीने ऑगस्टसच्या जीनियसची पूजा सुरू झाली. ह्या पूजेची व्यवस्था प्रायः मुक्त गुलामांकडे असे. इतर नगरांतही ‘ऑगस्टालेस’ हे पद धनवान मुक्त गुलामांना मिळू लागले. राजकीय अधिकारपदे ज्यांना जन्मामुळे बंद होती, अशा वर्गाला सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान मिळवून देणारा हा एक मार्ग होता.

ऑगस्टस इ. स. १४ च्या १९ ऑगस्ट रोजी नोला येथे मरण पावला व १७ सप्टेंबर रोजी सीनेटने त्याला देवपद दिले. न्यूमेरियस ॲटिकस नावाच्या सीनेट-सदस्याने ऑगस्टसला स्वर्गारोहण करताना आपण पाहिले, अशी शपथ घेतली. राणी लिव्हियाने त्याबद्दल त्याला दहा लाख सेस्टर्स दिल्याचे इतिहासकार डायो कॅशियस सांगतो. शपथेचा हा प्रकार रॉम्युलसच्या आख्यायिकेवरूनच घेतलेला होता. नव्या देवासाठी मंदिर, स्वतंत्र पुरोहित व एकवीस प्रतिष्ठित नागरिकांचे पूजकमंडळ ह्यांची व्यवस्था झाली. मंडळात राजकुटुंबातील पुरुषांचीही भर घालण्यात आली. लिव्हिया स्वतः आपल्या पतीची पुजारीण झाली.

अंत्यविधी : पुढील काळात हा विधी अधिक भव्य झाला. सेप्टिमियस सेव्हीरसच्या मृत्यूनंतर, इ. स. २११ मध्ये झालेल्या समारंभाच्या निमित्ताने हिरोडियन ह्या इतिहासकाराने त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. प्रत्यक्ष देहाचा अंत्यसंस्कार झाल्यावर सम्राटाची मेणाची प्रतिकृती हस्तिदंती मंचकावर ठेवीत. सात दिवस वैद्य येऊन त्या प्रतिकृतीची तपासणी करीत व प्रकृती खालावत असल्याचे जाहीर करीत. मंचकाच्या डाव्या बाजूस काळ्या वस्त्रांत सीनेटचे सदस्य आणि उजव्या बाजूस साध्या शुभ्र वस्त्रांत उच्चकुलीन स्त्रिया बसत. सातव्या दिवसानंतर मिरवणुकीने ही प्रतिकृती फोरममध्ये व तेथून ‘कॅम्पस मार्शियस’ ह्या मैदानावर नेत. तेथे रचलेल्या अनेक मजली, मनोऱ्यासारख्या चितेत सुगंधी द्रव्ये घालीत. घोडेस्वार व रथ चितेभोवती फेऱ्या घालीत. नवा सम्राट चितेस प्रथम अग्नी देई आणि वरच्या मजल्यावरून एक गरुड सोडण्यात येई. मृताचा आत्मा हा गरुड स्वर्गात नेतो, अशी श्रद्धा होती. नाण्यांवर व शिल्पांत गरुड आणि चिता ही चिन्हे वारंवार आढळतात. व्हॅटिकनमध्ये जतन केलेल्या अँटोनायनस पायसच्या स्तंभाच्या चौथऱ्यावर त्याला व राणी फॉस्टिना हिला एक पंखधारी पुरुष आकाशात घेऊन जात असल्याचे दृश्य कोरलेले आहे.

देवपद व वारसाहक्क : रोममध्ये सम्राटपदाच्या वारशाचा निश्चित कायदा नव्हता. त्यामुळे पूर्वसुरीचे देवपद ही नव्या सम्राटाची मोठीच गरज असे. देवाचा पुत्र असणे हाच त्याच्या अधिकाराचा आधार होई. तथापि सीनेटने हे पद सरसकट दिले नाही. ज्यूलिओ-क्लॉडियन घराण्यातील पाच सम्राटांपैकी ऑगस्टस व क्लॉडियस हे दोघेच देव झाले. टायबीअरियस, कालिग्युला व नीरो ह्यांना तो मान मिळाला नाही. फ्लेव्हियन घराण्यातील व्हेस्पेझियन व टायटस ह्यांना तो मिळाला. परंतु स्वतःला ‘स्वामी आणि देव’ म्हणवून घेण्याची आवड असलेल्या डोमिशियनचा इ. स. ९६ मध्ये खून होताच सीनेटने त्याचे नाव शिलालेखांवरून खोडून टाकण्याचा आदेश दिला. देवपद आणि स्मृतिनाश ह्या एकाच निवाड्याच्या दोन बाजू होत्या. जिवंतपणी ज्याने देवत्वाचा आग्रह धरला, त्याला ते मृत्यूनंतर नाकारले गेले. तर आपण मर्त्य आहोत व मनुष्याचीच कर्तव्ये करीत आहोत, असे सांगून स्पेनमधून आलेला मंदिराचा प्रस्ताव इ. स. २५ मध्ये नाकारणाऱ्या टायबीअरियसलाही सीनेटच्या रोषामुळे देवपद लाभले नाही.

हेड्रियनच्या मृत्यूनंतर (इ. स. १३८) ह्या निवाड्याचे वैधानिक स्वरूप विशेष स्पष्ट झाले. काही सीनेट-सदस्यांना देहान्ताची शिक्षा देणाऱ्या हेड्रियनला देव मानण्यास सीनेट तयार नव्हते. त्याचे निर्णयही रद्द करावेत, असा विचार चालू होता. हेड्रियनचे निर्णय रद्द झाले, तर आपले दत्तकविधानही रद्द होईल व आपल्याला राज्य करण्याचा अधिकार उरणार नाही, असा युक्तिवाद अँटोनायनसने केला व सीनेटने माघार घेतली. दिलेले देवपद टिकणेही उत्तराधिकाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असे. रोममधील क्लॉडियसच्या मंदिराचे बांधकाम नीरोने बव्हंशी पाडून टाकले आणि व्हेस्पेझियनने ते पुन्हा पूर्ण केले.

श्रद्धा आणि उपहास : सुशिक्षित रोमन ह्या देवांवर कितपत विश्वास ठेवीत, हा प्रश्न जुना आहे. तत्त्वज्ञ सेनिका ह्याने क्लॉडियसच्या दैवतीकरणावर ‘आपोकोलोकिन्तोसिस’ ही उपहासिका लिहिली. मृत्युशय्येवरील व्हेस्पेझियनने आपण बहुधा देव होऊ लागलो आहोत, असा विनोद केल्याचे सूटोनियस सांगतो. उलट, नीरोच्या कारकीर्दीत थ्रेसिया पीटस ह्या मानी सीनेट-सदस्यावर जे आरोप ठेवण्यात आले, त्यांत नीरोची मृत पत्नी पॉपिया हिचे देवत्व तो मानीत नाही, हाही एक होता. त्याला प्राणास मुकावे लागले. उपहासाला वाव होता, पण तो सत्ताधाऱ्याच्या मर्जीपुरताच. पूर्वीचे विद्वान सम्राटपूजेला केवळ खुशामत किंवा राजकारण समजत. सायमन प्राइस ह्या इतिहासकाराने आशिया मायनरमधील सम्राटपूजेवरील आपल्या १९८४ मधील ग्रंथात ही दृष्टी अपुरी ठरविली. प्राचीन धर्मात आंतरिक विश्वासापेक्षा विधीला महत्त्व होते आणि एरवी आकलनापलीकडे असलेली दूरस्थ सत्ता आपल्या विश्वात सामावून घेण्याचे साधन म्हणून ग्रीक नगरांनी हे विधी घडविले, असे त्याचे प्रतिपादन आहे. इत्ताय ग्राडेल ह्याने २००२ मध्ये इटलीतील पुराव्याच्या आधारे देवपद हा मुख्यतः सापेक्ष दर्जाचा व सन्मानाचा विषय होता, असे मत मांडले.

प्रांतांतील सम्राटपूजा : पूर्वेकडील नगरांत प्रांतिक सम्राटमंदिर आपल्याकडे असावे, ह्यासाठी चुरस असे. टायबीअरियसच्या मंदिरासाठी आशियातील अकरा नगरांनी सीनेटपुढे आपापले दावे मांडले आणि इ. स. २६ मध्ये स्मर्नाची निवड झाली. अशा नगरांना ‘नेओकोरोस’ म्हणजे मंदिरपालक ही पदवी मिळे व एफेसस, स्मर्ना, पर्गमम ही नगरे ती अभिमानाने नाण्यांवर कोरीत. उत्सव, खेळ, मेजवान्या व धर्मादाय ह्यांचा खर्च पुरोहितपद भूषविणारे स्थानिक धनिक करीत. जेथे ही संस्था वरून लादली गेली, तेथे मात्र तिचे दुसरे रूप दिसले. ब्रिटनमधील कॅम्युलोडूनम (सध्याचे कॉल्चेस्टर) येथील क्लॉडियसचे मंदिर स्थानिकांना कायमच्या दास्याचा बालेकिल्ला वाटे आणि पुरोहितपदाच्या निमित्ताने त्यांची संपत्ती उधळली जाई, असे टॅसिटस लिहितो. राणी बूडिकाच्या उठावात (इ. स. ६०-६१) ह्याच मंदिरात आश्रय घेतलेल्या सैनिकांनी दोन दिवस प्रतिकार केला व नंतर ते मारले गेले.

भारताशीही ह्या प्रथेचा अप्रत्यक्ष संबंध येतो. दक्षिण भारतात विपुल प्रमाणात सापडलेल्या टायबीअरियसच्या चांदीच्या नाण्यांवर तो ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ असल्याचा लेख आहे. प्वाटिंगर नकाशा ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोमन मार्गनकाशाच्या मध्ययुगीन प्रतीत केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराजवळ ऑगस्टसचे मंदिर दाखविले आहे. त्याचे अवशेष मात्र मिळालेले नाहीत.

यहुदी व ख्रिस्ती लोकांचा विरोध : एकेश्वरवादी यहुदी लोकांना मनुष्याची पूजा मान्य होणे शक्य नव्हते. जेरूसलेमच्या मंदिरात सम्राटाच्या कल्याणार्थ दररोज बळी अर्पण करण्याची तडजोड ऑगस्टसच्या काळापासून चालत आली होती. कालिग्युलाने इ. स. ४० च्या सुमारास त्याच मंदिरात आपला पुतळा बसविण्याची आज्ञा दिली. ॲलेक्झांड्रियाच्या यहुदी शिष्टमंडळाचा प्रमुख, तत्त्ववेत्ता फायलो ह्याच्या वृत्तान्तानुसार, शिष्टमंडळाने आपण सम्राटासाठी बळी देतो असे सांगितले, तेव्हा ते माझ्यासाठी असले तरी मला नव्हते, असा प्रतिप्रश्न कालिग्युलाने केला. रोमन धर्मातील सूक्ष्म भेद ह्या प्रतिप्रश्नाने पुसून टाकला. सिरियाचा प्रांताधिपती पेट्रोनियस ह्याने आज्ञेच्या अंमलबजावणीत हेतुतः विलंब लावला आणि इ. स. ४१ च्या जानेवारीत कालिग्युलाचा खून झाल्याने संभाव्य रक्तपात टळला.

ख्रिस्ती लोकांना अशी तडजोडही उपलब्ध नव्हती. इ. स. ११० च्या सुमारास बिथिनियाचा प्रांताधिपती धाकटा प्लिनी ह्याने आरोपींना देवांचे आवाहन करण्यास, ट्रेजनच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण करण्यास आणि ख्रिस्ताची निंदा करण्यास सांगितले. हे करणाऱ्यांना त्याने सोडून दिले व नकारावर ठाम राहणाऱ्यांना देहान्ताची शिक्षा दिली. तथापि सम्राटपूजेस नकार हेच ख्रिस्ती लोकांच्या छळाचे एकमेव कारण होते, असे म्हणता येत नाही. डीशियसने इ. स. २४९ मध्ये काढलेल्या आदेशात सर्व रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा, अशी मागणी होती. ईजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरस-प्रमाणपत्रांत उल्लेख देवांचा आहे, सम्राटाच्या पूजेचा नाही. एकंदर देवधर्माला नकार हा मुख्य अपराध होता. सम्राटाची प्रतिमा ही त्याची सोयीस्कर कसोटी होती.

ऱ्हास : तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर निवाड्याचा अधिकार सीनेटच्या हातून निसटला. इ. स. १९२ च्या अखेरीस मारल्या गेलेल्या कॉमोडसच्या स्मृतीचा सीनेटने धिक्कार केला होता. परंतु सैन्याच्या बळावर सत्तेवर आलेल्या सेप्टिमियस सेव्हीरसने स्वतःला मार्कस ऑरीलियसचा पुत्र व म्हणून कॉमोडसचा बंधू म्हणून घोषित केले आणि इ. स. १९७ मध्ये त्याच कॉमोडसला देवपद देण्यास सीनेटला भाग पाडले. सीनेटला अप्रिय, पण सैन्याला प्रिय असलेला कॅराकॅलाही मृत्यूनंतर देव झाला. सिरियातील ड्यूरा-यूरोपस येथे सापडलेल्या, इ. स. २२५ च्या सुमाराच्या लष्करी पंचांगात जुन्या दिवुसांच्या पूजेचे दिवस तारीखवार दिले आहेत; सैन्याच्या एकजुटीसाठी ही परंपरा किती उपयोगी पडत होती, हे त्यावरून कळते. पुढे डायोक्लीशन व मॅक्सिमियन ह्यांनी अनुक्रमे ज्यूपिटर व हर्क्युलीझ ह्या देवांवरून ‘जोव्हियस’ व ‘हर्क्युलियस’ अशी अभिधाने घेतली. सम्राटाचा अधिकार आता सीनेटच्या निवाड्यावर न विसंबता थेट देवांकडून येऊ लागला.

कॉन्स्टंटीनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यावर सम्राटपूजेतून बळी वगळण्यात आले. इटलीतील हिस्पेलम (सध्याचे स्पेलो) नगराला त्याने आपल्या घराण्याचे मंदिर बांधण्यास परवानगी दिली. मात्र ते अंधश्रद्ध आचारांनी दूषित होऊ नये, अशी अट घातली. इ. स. ३३७ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे दफन कॉन्स्टँटिनोपल येथे प्रेषितांच्या स्मारकमंदिरात झाले. त्याच्या स्मृत्यर्थ काढलेल्या नाण्यांवर ‘दिवुस’ हा शब्द कायम आहे व चार घोड्यांच्या रथातून वर जाणाऱ्या सम्राटाला आकाशातून एक हात सामोरा येताना दाखविला आहे. जुन्या देवाचे स्वर्गारोहण म्हणून आणि ख्रिस्ती राजाचे परमेश्वराने केलेले स्वागत म्हणूनही हे चित्र वाचता येते. थीओडोशियसने इ. स. ३९१-९२ मध्ये बळी व मंदिरपूजा ह्यांवर बंदी घातली आणि दैवतीकरणाचा धार्मिक आधार संपुष्टात आला. ‘दिवुस’ ही उपाधी दिवंगत सम्राटाचा आदरपूर्वक उल्लेख करण्यापुरती काही काळ उरली.

मूल्यमापन : दैवतीकरणाला केवळ सत्तेचा अहंकार समजणे इतिहासाला धरून होणार नाही. पहिल्या दोन शतकांत अनियंत्रित सत्ताधाऱ्यावर सीनेटच्या हाती फारशी साधने नव्हती. मृत्यूनंतरचा निवाडा हे त्यांपैकी एक होते. आपल्यामागे देवळात पूजा होईल, की शिलालेखांवरील नावावर छिन्नी चालेल, हा विचार जिवंत सम्राटाला करावा लागे. त्याच वेळी हा निवाडा बव्हंशी वारसदाराच्या गरजेनुसार होई, हेही खरे. त्याचे मोल तो नाकारता येण्यात होते. सैन्याच्या धाकाने तो नाकारणे अशक्य झाले, तेव्हा देवांची संख्या वाढली. परंतु त्यांच्या देवपदाला निवाड्याचा अर्थ उरला नाही.